गाळलेल्या जागा

मुख्याध्यापकाच्या वाट्याला अध्यापनाखेरीज जी अनेक कामे येतात, त्यांत मानपत्रे आणि श्रद्धांजल्या लिहिण्याचे काम बरेच मोठे असते. आणि तो मुख्याध्यापक मराठीचा एम. ए. असून सुरतेसारख्या ठिकाणी राहत असला, तर मग विचारूच नये. इथल्या मराठी मंडळींत कोणी सेवानिवृत्त झाला, कोणाची एकसष्टी आली, कोणी देवाघरी गेला, की 'सर, चार ओळी हव्या होत्या' म्हणून माणूस आमच्या दाराशी येतो. त्या चार ओळींत काय यावे हे आम्हांला पाठ झाले आहे. काय येऊ नये, हे त्याहून अधिक पाठ झाले आहे. भावाभावांतले कज्जे येऊ नयेत, बुडालेला धंदा येऊ नये, दारू तर मुळीच येऊ नये. स्वभाव 'मनमिळाऊ' असावा आणि आजार 'अल्पसा' असावा. तीस वर्षे आम्ही अशा चतकोर चरित्रांवर कात्री चालवीत आलो, आणि त्या कात्रीचे ओझे आम्हांला कधी जाणवले नाही. गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मात्र ते जाणवले.

आमच्या वस्तीतील मंडळ दर वर्षी एक स्मरणिका काढते. तीत साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती फार आणि मजकूर बेताचा, हे सांगणे नकोच. गेल्या वर्षी मंडळाच्या तरुण मुलांनी तीत सोळा पाने मागून घेतली. ह्या मुलांचा एक वाद्यवृंद आहे. गिटार, की-बोर्ड, ड्रम असा सगळा सरंजाम. आरत्या झाल्यावर रात्री ते जे वाजवतात, त्याला आमच्या पिढीतील लोक गोंगाट म्हणतात. त्या सोळा पानांत त्यांना 'क्वीन' नावाच्या इंग्रजी रॉक बँडचे चरित्र छापायचे होते, आणि ते शुद्ध मराठीत हवे होते. म्हणून ते आमच्याकडे आले.

आम्ही साहजिकच विचारले, "अरे, गणपतीच्या स्मरणिकेत ह्या परदेशी लोकांचे काय काम?"

त्यांच्यातला ड्रम वाजवणारा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, परदेशी कसले? त्यांचा गाणारा मूळचा बुलसारा. म्हणजे आपल्या वलसाडचा. आणि शिकला कुठे, तर पाचगणीला. म्हणजे अर्धा गुजराती आणि अर्धा आपला, आपल्यासारखाच."

ह्या युक्तिवादापुढे आम्ही हरलो. वलसाडला इंग्रज बलसार म्हणत, आणि त्या गावावरून पारशी मंडळींत बुलसारा हे आडनाव आले. भरूचवरून भरूचा, बिलिमोऱ्यावरून बिलिमोरिया, तसेच. सुरतेहून मुंबईच्या गाडीत बसले की ह्यांतली काही आडनावे खिडकीतून एकेक करून मागे जातात. फारुख बुलसारा ह्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला झाला. वडील बोमी हे तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला समुद्र ओलांडून सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडले. तिथे तो पियानो शिकला, तिथेच त्याला 'फ्रेडी' हे नाव पडले, आणि तिथेच १९५८ साली, बाराव्या वर्षी, चार शाळूसोबत्यांबरोबर त्याने 'हेक्टिक्स' नावाचा पहिला वाद्यवृंद जमवला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेले. पुढे त्याने बुलसारा टाकून मर्क्युरी हे आडनाव घेतले. जगाला तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून ठाऊक आहे.

मुलांनी पुरवलेली पुस्तके आणि कात्रणे घेऊन आम्ही बैठक मारली, आणि खोटे कशाला सांगावे, आम्हांला त्या चौघांचा लळा लागला. संगीत आमच्या कानाला अजूनही फारसे रुचत नाही. पण मास्तराचा जीव मुलांच्या प्रगतिपुस्तकात अडकलेला असतो, आणि ह्या चौघांची प्रगतिपुस्तके मोठी विलक्षण होती. गाणारा चित्रकलेच्या शाळेतून पदविका घेतलेला. बँडचे मानचिन्ह त्याने स्वतः रेखाटले आणि चौघांच्या राशी त्यात गुंफल्या. ड्रम वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यकाच्या वर्गातून आलेला. बास गिटारवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पहिल्या वर्गातला पदवीधर. १९७१ मध्ये तो आला आणि चौकडी पुरी झाली. आणि गिटारवाला ब्रायन मे! ह्या मुलाने आणि त्याच्या वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड घेऊन घरच्या घरी गिटार बनवली, आणि पुढे सगळी हयात तो तीच वाजवीत राहिला. तो खगोलभौतिकीचा संशोधक. बँडच्या पायी १९७४ मध्ये प्रबंध अर्धा टाकला, आणि तेहतीस वर्षांनी, २००७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर तो पुरा करून डॉक्टरेट मिळवली. अर्धवट राहिलेले बी. एड. पुरे करण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या काही तरुण सहकाऱ्यांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम ऐकवली. त्यांच्यावर परिणाम झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

चौघांची कीर्तीही सांगण्याजोगी होती. १९७५ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे काढले. एवढे लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही असे जाणकार म्हणत होते. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १३ जुलै १९८५ रोजी इथियोपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर जो मोठा कार्यक्रम झाला, त्यात ह्यांना वीसएक मिनिटे मिळाली आणि तेवढ्यात त्यांनी सत्तर हजारांवर माणसे हातांवर नाचवली. ती चित्रफीत मुलांनी आम्हांला दाखवली. एक सडपातळ, मिशीवाला पारशी मनुष्य एवढ्या गर्दीकडून स्वर वदवून घेतो आहे, आणि गर्दी वर्गातल्या मुलांसारखी त्याच्या मागून म्हणते आहे, हे पाहून तीस वर्षे वर्ग सांभाळलेला मनुष्य थक्क होणारच.

मजकूर निम्मा झाला असताना मंडळाची बैठक भरली. कार्यवाहांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "सर, लिहा, आमची ना नाही. पण स्मरणिका घरोघर जाते. आयाबायांच्या, लेकराबाळांच्या हाती पडते. तेव्हा तो त्याचा आजार, आणि ते पुरुषांचं प्रकरण, तेवढं वगळा."

महिला शाखेच्या बाई तिथे होत्या. त्या म्हणाल्या, "दर वेळी आयाबायांचं नाव कशाला पुढे करता? आम्ही सगळं वाचतो." बैठकीत हशा झाला, आणि विषय कार्यवाहांच्या बाजूनेच मिटला. आम्हीही मान डोलावली. घरी येऊन शेवटचा परिच्छेद लिहिला. हात इतका सरावलेला, की वाक्य आपोआप उतरले: 'सन १९९१ मध्ये लंडन येथे अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले.'

दुसऱ्या दिवशी ड्रमवाल्या मुलाने ते वाचले आणि सहज म्हणाला, "अल्पसा कसा सर? चार वर्षं होता."

आम्ही त्याला काहीतरी उत्तर दिले. त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

चरित्रातून गाळणे हा काही आमच्याच मंडळाचा उद्योग नव्हे. ह्या बँडवर २०१८ मध्ये जो चित्रपट निघाला आणि ज्याला चार ऑस्कर मिळाली, तो मुलांनी आम्हांला दाखवला होता. बँडमधले दोन हयात कलावंत त्याच्या निर्मितीत होते. त्यात पाचगणी दिसतच नाही. आम्हांला त्याचा थोडा रागही आला. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की वेम्बलीच्या कार्यक्रमाआधी गायक आपल्या सोबत्यांना आजाराची बातमी सांगतो, असे तिथे दाखवले आहे. वास्तविक निदान झाले ते १९८७ मध्ये, म्हणजे कार्यक्रमानंतर दोन वर्षांनी. कार्यक्रमापूर्वी बँड मोडला होता असेही दाखवले आहे. तोही मोडला नव्हता, १९८५ च्या वसंतापर्यंत ते गावोगाव वाजवीत होते. म्हणजे प्रेक्षकांचे डोळे योग्य जागी ओले व्हावेत म्हणून एका माणसाचे मरण दोन वर्षे अलीकडे ओढले गेले. आम्ही लपवण्यासाठी आजार अल्पसा करतो, ते रंगवण्यासाठी तो लांबवतात. हिशेब एकच.

आणि एक गोष्ट त्या चित्रपटातही नाही, आणि आमच्या कार्यवाहांनीही ती गाळायला सांगितली नव्हती, कारण ती लाजेची आहे असे कोणाला वाटलेच नाही. १९८४ च्या ऑक्टोबरात ही मंडळी दक्षिण आफ्रिकेत सन सिटी इथे जाऊन वाजवून आली. त्या काळी तिथल्या वर्णद्वेषी राजवटीवर कलावंतांनी बहिष्कार टाकावा असा संयुक्त राष्ट्रांचा ठराव होता. सन सिटी हे बोफुथात्स्वाना नावाच्या, कृष्णवर्णीयांसाठी म्हणून तोडून दिलेल्या नामधारी देशात होते. ह्या युक्तीवर जगाने विश्वास ठेवला नाही. इंग्लंडातल्या वादकांच्या संघटनेने बँडला दंड केला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव चढले. आम्ही राजकारणी नव्हे, सर्व प्रकारच्या लोकांसाठी वाजवतो, असे त्यांचे म्हणणे होते. तिथल्या अंध व बधिर मुलांच्या शाळेला त्यांनी मदत केली, हेही खरे.

पण आम्ही कोठे राहतो? इथून दांडी हाकेच्या अंतरावर. १८९३ मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या फलाटावर उतरवून दिलेल्या माणसाने तिथेच येऊन मीठ उचलले. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडण्याचा निर्णय हिंदुस्थानने १९४६ सालीच घेतला होता, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्या पारपत्रावर त्या देशात जाण्यास मनाई असल्याचा शिक्का असे. १९८४ मध्ये वलसाडच्या मुळाचा एक मनुष्य तिथे गाऊन आला, ही गोष्ट आम्हांला त्याच्या खाजगी आयुष्यातील कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक टोचली. आणि तरी आमच्या पहिल्या खर्ड्यात तीही नव्हती. कोणी सांगितले म्हणून नव्हे. आमची आम्हीच गाळली होती. माणूस आवडू लागला होता ना!

आपल्याकडे असे होत नाही असे कोणी म्हणू नये. रॉक बँड आपल्याला नवा, पण नाटक मंडळी नवी नाही. गावोगाव बिऱ्हाड घेऊन फिरणारे, एका बैठकीत जेवणारे, एकमेकांच्या गळ्यावर पोट असलेले आणि एके दिवशी हिशेबावरून फुटणारे कलावंत आपण पुष्कळ पाहिले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघांचे फार काळ जमले नाही. बोडसांनी पुढे 'माझी भूमिका' लिहिली, टेंब्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. एम. ए. ला असताना आम्ही ही पुस्तके शेजारीशेजारी ठेवून वाचली होती, आणि आमचे गुरुजी म्हणाले होते, की एकाच घराची ही वेगवेगळ्या खिडक्यांतून घेतलेली चित्रे आहेत. ज्याच्या खिडकीतून त्याची स्वतःची खोली दिसते का, ते पाहा.

बालगंधर्वांची एक गोष्ट कोणीही गाळत नाही. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले. ही कथा आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! आणि गोहरबाई कर्नाटकी? बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात ज्या बाई त्यांच्याबरोबर राहिल्या, त्यांच्यापाशी आले की पुष्कळ मराठी लेखण्या अडखळतात. एक तर सगळा दोष त्या बाईंवर टाकतात, नाहीतर एक ओळ सोडून पुढे जातात. आमच्या वडिलांच्या पिढीत तर बालगंधर्वांच्या छायाचित्राला हार घालणारी माणसे तेवढ्या नावाला तोंड वाकडे करीत. मुलगी गेल्याची गोष्ट आपल्याला उंच करते म्हणून ठेवायची, आणि गोहरबाईंची आपल्याला अडचणीत टाकते म्हणून झाकायची, हा न्याय आम्हीही इतकी वर्षे मुकाट्याने चालवला.

परंतु त्या रात्री झोप उडाली ती बालगंधर्वांमुळे नव्हे.

आमचा एक मावसभाऊ होता. (नाते आम्ही इथे थोडे बदलून लिहिले आहे, वाचकांनी क्षमा करावी.) आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. साड्यांच्या छपाईच्या कारखान्यात नोकरी आणि रात्री मंडळाच्या ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन. ते वाद्य छातीशी घेऊन तो उभा राहिला की आम्हां मुलांना तो साक्षात मुंबईचा कलावंत वाटे. त्याने लग्न केले नाही. १९९५ मध्ये तो आजारी पडला आणि चौदा महिने आजारी राहिला. त्या आजाराचे नाव घरात कोणी घेत नसे. क्षय आहे असे सांगण्याचे ठरले होते. एका रुग्णालयात त्याच्या खाटेपाशी येणारे लोक दोन हात लांब उभे राहत, आणि खरे सांगायचे तर आम्हीही तसेच उभे राहत होतो. सुरतेला तेव्हा आजाराची लाज नवी नव्हती. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने गाव रिकामे झाले, तेव्हा जळगावच्या स्टेशनावर कोणी विचारल्यावर आम्ही स्वतः 'बडोद्याहून आलो' असे सांगितले होते. ज्याने आपले गाव लपवले, त्याला भावाचा आजार लपवणे काय जड?

त्याची शुश्रूषा केली ती ऑर्केस्ट्रातल्या ढोलकी वाजवणाऱ्या त्याच्या मित्राने. चौदा महिने. अंग पुसणे, भरवणे, औषधाच्या रांगेत उभे राहणे, सगळे. ते दोघे एकमेकांचे कोण होते, हे आम्ही कधी विचारले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही. तेराव्याच्या दिवशी तो गृहस्थ आला, ओट्यावर बसला, आणि पान वाढेपर्यंत न थांबता निघून गेला. त्या वर्षीच्या स्मरणिकेत श्रद्धांजली आम्हीच लिहिली. नवी नोकरी, नवे एम. ए., भाषा कशी फुललेली! 'मंडळाचे उत्साही कार्यकर्ते व पेटीवादक... अल्पशा आजाराने... मागे आई व भावंडे असा परिवार.' मावशीने तो अंक पोथीत ठेवला होता. आता मावशीही नाही.

तर त्या परिवारात एक माणूस आम्ही धरला नव्हता.

सकाळी उठून आम्ही सोळा पानांचा शेवट फाडला आणि पुन्हा लिहायला बसलो. फ्रेडी मर्क्युरीने आपला आजार चार वर्षे लपवला, पण २३ नोव्हेंबर १९९१ रोजी स्वतःच्या नावाने निवेदन काढून आपल्याला एड्स असल्याचे जगाला सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. जी गोष्ट मरणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी धीर करून सांगितली, ती सुरतेतल्या एका मंडळाने पुन्हा झाकावी? आम्ही ती नावासह लिहिली. त्याच्या सोबत्यांनी पुढच्या एप्रिलमध्ये वेम्बलीलाच त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम केला आणि ह्या आजाराविरुद्ध काम करणारा न्यास उभारला, तेही लिहिले. जिम हटन नावाचा आयरिश केशकर्तक त्याच्या घरी त्याचा जोडीदार म्हणून राहिला आणि त्याने अखेरपर्यंत त्याची सेवा केली. हे हटनने स्वतः १९९४ मध्ये पुस्तक लिहून सांगितले आहे. म्हणून तेही एका वाक्यात लिहिले. सन सिटी मात्र अर्ध्या पानावर लिहिले. ती चार भिंतींतली गोष्ट नव्हे, तिकिटे विकून केलेली गोष्ट आहे.

गाळलेही पुष्कळ. रात्ररात्र चालणाऱ्या मेजवान्यांची वर्णने मुलांनी मोठ्या हौसेने टिपून आणली होती, ती गाळली. कोणी किती प्यायले हा मजकूर सोळा पानांत बसवायचा तर पाचगणी काढावी लागली असती. शेवटच्या महिन्यांतली, दाराबाहेर टपून घेतलेली छायाचित्रे गाळली. मूल आजारी असताना खिडकीतून डोकावणाऱ्याला आपण काय म्हणतो? आणि गाळण्याचा एक फार सुंदर नमुना आम्हांला ह्याच चरित्रात मिळाला. त्याचे अंत्यविधी पारशी दस्तुरांच्या प्रार्थनेने झाले आणि लंडनमध्येच दहन झाले. अस्थी त्याने आपली जुनी मैत्रीण मेरी ऑस्टिन हिच्या स्वाधीन करायला सांगितले होते. त्या कोठे ठेवल्या, हे तिने आजतागायत कोणालाही सांगितलेले नाही. तीस वर्षे जगातले वार्ताहर विचारीत आहेत, आणि ती बाई गप्प आहे.

कार्यवाहांपुढे नवा मजकूर ठेवला तेव्हा ते बराच वेळ वाचत होते. आम्हांला वाद अपेक्षित होता. ते एवढेच म्हणाले, "हे आफ्रिकेचं मला ठाऊक नव्हतं." मग म्हणाले, "छापा. माझ्याकडे तक्रार आली तर तुमच्याकडे पाठवीन." तशा दोन आल्या. एक आजाराविषयी होती, आणि दुसरी मंडळाच्या पैशाने इंग्रजी गाणी कशाला, अशी.

मुलांना स्मरणिकेत आणखी एक पान हवे होते, मंडळाच्या जुन्या ऑर्केस्ट्राविषयी. त्यात भावाचे नाव येणार होते. ते पान मुद्रणालयात देण्यापूर्वी आम्ही त्या ढोलकीवाल्या गृहस्थांच्या घरी गेलो. उधना भागात एका चाळवजा घरात ते राहतात. सत्तरी जवळ आली आहे, बोटे वाकडी झाली आहेत. आमच्या ड्रमवाल्या मुलाने ठेक्याचे पहिले धडे ह्यांच्याकडेच घेतले, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले. चहा झाला. आम्ही सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी न केलेली चौकशी केली. मग भीतभीत विचारले, की ह्या वेळी आजाराचे नाव लिहावे का, आणि तुमचे नाव लिहावे का.

ते पानाकडे पाहत राहिले. म्हणाले, "आजाराचं नाव त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, मास्तर. तुम्ही कशाला सांगता?"

"आणि तुमचे?"

"माझं नको. मला इथे राहायचंय." थोडे थांबून त्यांनी उठून कपाटातून एक पिवळा पडलेला अंक काढला. तीच स्मरणिका. आमची श्रद्धांजली ज्या पानावर होती ते पान त्यांनी न शोधता उघडले. "पण ह्यात दोन चुका आहेत, त्या दुरुस्त करा. एक, हे 'अल्पशा' काढा. चौदा महिने होते ते. आणि दुसरं, तुम्ही 'पेटीवादक' लिहिलंय. तो पेटी कधीच वाजवत नव्हता. ॲकॉर्डियन वाजवायचा."

आम्ही 'पेटीवादक' का लिहिले होते, ते आम्हांला आठवत होते. श्रद्धांजलीत ते अधिक सात्त्विक दिसले होते. आम्ही खिशातले पेन काढले आणि तिथेच, त्यांच्यासमोर, नव्या पानावर 'ॲकॉर्डियनवादक' असे लिहिले. त्यांनी चष्मा लावून ते अक्षर अक्षर वाचले आणि पान आमच्या हातात परत दिले.